गोठलेला खांदा आणि रोजचा अर्धा तास

आपल्या घरांत चाळिशी-पन्नाशीच्या बाईचा खांदा धरला की आधी बाम, मग मालिश, मग "वय झालं" असा निकाल. वेणी घालता येत नाही, ओढणी मागे टाकता येत नाही, तकबीरसाठी हात खांद्यापर्यंत जात नाही. नमाजमध्ये शरीअतने सवलत दिली आहे. स्वयंपाकघरात ती कोणी देत नाही. असं वर्ष निघून जातं आणि मग एकदम ऑपरेशनची धावपळ सुरू होते.

याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड होतं, आक्रसतं. डायबिटीस असलेल्यांना हा त्रास जास्त होतो, म्हणून खांदा धरला की आधी साखर तपासावी. दुर्बिणीच्या ऑपरेशनात लहान छिद्रांतून आत जाऊन ते आखडलेलं आवरण कापून सैल करतात. बरेच महिने व्यायाम आणि इंजेक्शन करूनही हात वर जात नसेल, तर ते जरूर करावं. पण पहिला इलाज तो नव्हे. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दुर्बिणीचं ऑपरेशन, भूल देऊन हात फिरवणं, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिन्हींत वर्षाअखेर ठळक फरक दिसला नाही. फिजिओथेरपीवाल्या काहींना पुढे आणखी उपचार लागले, हेही खरं. पण गंभीर गुंतागुंती ऑपरेशनवाल्यांत जास्त होत्या.

माझी तक्रार वेगळीच आहे. ऑपरेशनसाठी आपण दागिने मोडतो, उधार घेतो; पण तिला रोज अर्धा तास मोकळा देत नाही. "दिवसभर काम करते, तोच व्यायाम" म्हणे! पोळ्या लाटताना हात खांद्याच्या वर जातो कुठे? भिंतीवर बोटं चढवत नेणं, पाठीमागे टॉवेल ओढणं, हे वेगळंच करावं लागतं. पडद्याची अडचण सांगणाऱ्यांनी महिला फिजिओथेरपिस्ट आहे का, एवढं तरी विचारावं.

आणि ऑपरेशन केलं तरी हा अर्धा तास चुकत नाही. लगेच व्यायाम सुरू करून काही महिने चालू ठेवावा लागतो, नाहीतर खांदा पुन्हा आखडतो. त्या दिवसांत चूल कोण सांभाळणार, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरातल्या पुरुषांनी बसून ठरवावं.