शेगडीची राख

सावरगावच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या आठवड्यात आमच्या हाती आले. पांढुर्णा-सौंसर भागात पऱ्हाटी, तुराटी व संत्र्याच्या वाळलेल्या फांद्या जाळून स्वयंपाक करण्याची रीत जुनी आहे. या भगिनींच्या मुलाने नागपुराहून पेलेटची शेगडी आणली. पहिला पंधरवडा ती निर्धूर जळली. आता पंखा फिरतो, परंतु धूर येतो आणि सासूबाईंचा खोकला वाढतो. शेगडी बिघडली काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

आमच्या मते दोष बहुधा शेगडीचा नसून साठलेल्या राखेचा आहे.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले किंवा उसाचे चिपाड दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. आपल्याकडे हे नवल नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने बीपी कंपनीने २००६ साली ‘ऊर्जा’ नावाची अशी शेगडी बाजारात आणली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने तो व्यवसाय चालविला. महाराष्ट्र व कर्नाटक धरून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या. मात्र कच्चा माल महागला, तशा कांड्याही महागल्या, आणि पुष्कळ शेगड्या माळ्यावर गेल्या.

अशा शेगडीत तळाच्या जाळीतून थोडी हवा कांड्यांना मिळते व त्यांतून वायू सुटतो. वरच्या छिद्रांतून पंख्याने आलेली हवा तो वायू जाळते. जाळीची छिद्रे राखेने बुजली की वायू अर्धवट जळतो. मग धूर तर होतोच, शिवाय डोळ्यांस न दिसणारा, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही वाढतो. चांगल्या लाकडाच्या कांड्यांत शेकडा एकाहून कमी राख निघते. शेतातील काडीकचऱ्याच्या कांड्यांत ती कितीतरी अधिक. शिवाय त्या राखेतील क्षार उष्णतेने वितळून काचेसारखे कठीण खडे जाळीला चिकटतात.

म्हणून गृहिणींनी पुढील क्रम पाळावा. शेगडी पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो सकाळी चहा ठेवण्यापूर्वी, राख रोज काढावी. जाळीवरचे खडे काडीने हलकेच सोडवावेत. आठवड्यातून एकदा पंख्याची वायर काढून हवेची तोंडे कोरड्या कुंचल्याने झाडावीत. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नये. आतील भाजलेल्या मातीचे अस्तर तडकते. राख झाडताना नाकावर पदर धरावा, आणि शेगडी जळत असता खिडकी उघडी असावी.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट आम्ही स्वतः ठेच लागून शिकलो. एका हिवाळ्यात आमच्या घरी संध्याकाळची राख गार झाली असे समजून ती टोपलीत भरली व गोठ्याच्या कुडाजवळ ठेवली. मध्यरात्री वारा सुटला. शेळी ओरडू लागली म्हणून उठलो, तो टोपली पेटून ज्वाला कुडाला लागलेली. दोन घागरींत आग विझली. पलीकडे पऱ्हाटीचा गंज होता. शेळी ओरडली नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

राख ही निखाऱ्याची गोधडी आहे. वरून गार लागली तरी आत विस्तव दोन-दोन दिवस टिकतो. म्हणून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी. टोपलीत, गोणपाटात वा प्लॅस्टिकच्या बादलीत कधीही नाही. तो डबा घराबाहेर, उघड्या जमिनीवर, गंजीपासून व मुलांच्या हातांपासून दूर ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनीच रिकामा करावा.

गार राख वाया जात नाही. भांडी घासण्यास ती चांगली. शेणखतात थोडी मिसळली तर पालाश मिळते. परंतु युरियाबरोबर ती मिसळू नये. त्यातील नत्र उडून जाते. संत्र्याच्या बुंध्याशीही ढीग घालू नये. आपल्याकडील चुनखडीयुक्त काळ्या जमिनी आधीच अल्कधर्मी. राखेने ते वाढते, झाडास लोह मिळत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात.

सावरगावच्या भगिनींनी प्रथम जाळी साफ करून पाहावी. तरीही धूर राहिल्यास कांड्या दमट झाल्या आहेत काय ते तपासावे आणि मगच कारागिराकडे जावे. एक विनंती मात्र घरातील पुरुषमंडळींस आहे. शेगडी आणून दिली म्हणजे कर्तव्य संपले असे मानू नये. राखेचा डबा बाहेर नेण्याचे काम त्यांनीच पत्करावे. ते पाच मिनिटांचे आहे, पण त्यावर साऱ्या घराची झोप अवलंबून असते.