कोरणी आणि स्फूर्ति

स्फूर्ति आल्यावांचून चित्र कसें काढावें, असें आमच्या घरचीं मुलें वरचेवर विचारतात. त्यांना आम्ही नंदलाल बोस यांचा ‘बापूजी’ हा १९३० सालचा लिनोकट दाखवितों. ते दिवस दांडीयात्रेचे. शांतिनिकेतनांतील या आचार्यांनीं काठी घेऊन चालणारी एकच आकृति काळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांनीं उभी केली. भोंवतीं ना समुद्र, ना जनसमुदाय. वार्ता साऱ्या देशानें ऐकिली होती. यांनीं तींतून केवळ चाल उचलली.

हा संयम कांहीं अंशीं साधनानेंच शिकविलेला आहे. लिनोलियम म्हणजे जवसाचें तेल, बुचाचा भुगा इत्यादि द्रव्यें तागाच्या कापडावर थापून केलेलें, जमिनीवर अंथरावयाचें आच्छादन. त्यास लांकडासारखे रेषे नसतात, म्हणून कोरणी हवी तिकडे वळते. परंतु कोरलें तेथें शाई लागत नाहीं, आणि कोरून काढलेलें पुन्हा भरून येत नाहीं. ठसाही उलटा उमटतो. पाटीवर लिहून पुसण्याची आमची संवय येथें निरुपयोगी. काय ठेवावें याचा निश्चय हात चालण्यापूर्वींच व्हावा लागतो.

कोरणी धरणें हें आपल्या मुलांचें काम नव्हे, असें म्हणणारे गृहस्थ अद्यापि भेटतात. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकांतील लिनोकट याच नंदलालांचे आहेत, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. मुलानें तुकडा मागितला तर अवश्य द्यावा. मात्र दुसरा हात सदैव कोरणीच्या मागें ठेवावयास आधीं शिकवावें.