चिंध्या आहेत, गोधडी कुठे?

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्ड या सरकारी संस्थेत आर्थर लिप्सेट नावाचा एक तरुण नोकरीस होता. इतरांनी कापून टोपलीत टाकलेले ध्वनिफितींचे तुकडे तो जमवी. त्या आवाजांना छायाचित्रांची जोड देऊन १९६१ साली त्याने ‘व्हेरी नाइस, व्हेरी नाइस’ हा सुमारे सात मिनिटांचा लघुपट सिद्ध केला. समृद्धीच्या गप्पा, गर्दीतले भावशून्य चेहरे आणि अणुस्फोटाचा ढग शेजारी शेजारी आले आणि सुखवस्तू समाजाचा पोकळपणा आपोआप उघडा पडला. या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. त्यापूर्वी १९५८ मध्ये अमेरिकेत ब्रूस कॉनरने जुने वृत्तपट व साहसपट कापून-जोडून ‘अ मूव्ही’ हा १२ मिनिटांचा पट केला होता.

या प्रकाराला कोणी गोधडी म्हणेल. हरकत नाही. गोधडीतल्या चिंध्या जुन्या असल्या, तरी नक्षी शिवणारीचीच असते.

आपल्याकडे चिंध्यांना तोटा नाही. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने धरणे, कारखाने, दुष्काळ, निवडणुका यांचे अमाप चित्रण केले, तेही करदात्यांच्या पैशातून. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. १९५७च्या कायद्यानुसार सरकारी चित्रपटावरील स्वामित्व ६० वर्षांनी संपते. म्हणजे नेहरूकालातील हे चित्रण आज कायद्याने सर्वांचे झाले आहे. परंतु हक्क मोकळा झाला म्हणून फीत मोकळी होत नाही. ती कोठारातच राहते. शिवाय चित्रपट पाहावयास मिळणे निराळे आणि कापण्या-जोडण्याजोगी उत्तम प्रत हाती येणे निराळे.

जतनाला खर्च येतो, तेव्हा मोल घेतलेच पाहिजे, असे म्हटले जाईल. जाहिरातदाराकडून ते अवश्य घ्यावे. परंतु एकदा संगणकीय प्रत तयार झाल्यावर दुसरीचा खर्च जवळजवळ शून्य असतो. ज्या विद्यार्थ्याला दर परवडणारच नाही, त्याला दारात अडवून सरकारी तिजोरीत एका पैचीही भर पडत नाही. उलट प्रती जितक्या पसरतील, तितकी त्या नष्ट होण्याची भीती कमी. २००३ साली पुण्यातील आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला, हे विसरता येणार नाही.

संदर्भ तोडून कोणी खोटे रचील, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण खोटे रचणाऱ्याला बंद कोठार अडवीत नाही. अडचण होते ती खरे पडताळणाऱ्याची. मूळ चित्रण सर्वांपुढे असेल, तर लबाडी लवकर उघडकीस येते. वापरलेल्या दृश्याचे साल व उगम नमूद करण्याची अट मात्र घालावी.

तेव्हा मागणी साधी आहे: ६० वर्षांची मुदत संपलेल्या सरकारी चित्रपटांच्या उत्तम प्रती महाविद्यालयांना नाममात्र दराने मिळाव्यात. ज्या आजोबांनी धरणावर माती वाहिली, त्यांच्या नातवाला ते चित्रण स्वतःच्या प्रश्नांसह पुन्हा जोडून पाहण्याचा अधिकार नसावा काय?