मोरीचा पहारेकरी

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही भिलाईजवळची, चुनखडीच्या खाणीलगत वसलेली वसाहत. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा भट्टीत चुनखडी लोखंडातील मळ आपल्यात सामावून घेते आणि मळीच्या रूपाने बाहेर पडते. घरालाही मळ बाहेर काढणारी वाट हवी असते. ती म्हणजे मोरी. परंतु ज्या वाटेने मळ जातो, त्याच वाटेने झुरळे, चिलटे आणि उंदीर आत येऊ पाहतात. ही वाट मळाला मोकळी आणि कीटकांना बंद कशी ठेवावी?

वाचकहो, मोरीच्या जाळीखाली एक सापळा बसविलेला असतो. त्यात सुमारे दोन इंच पाणी सदैव साठून राहते. गटारातील दुर्गंधी आणि बहुतेक कीटक या पाण्यापाशीच अडतात. हे ओंजळभर पाणीच घराचा खरा पहारेकरी होय.

मे महिन्यात अनेक कुटुंबे घराला कुलूप लावून आपल्या गावी जातात. छत्तीसगडच्या कोरड्या उन्हात हे पाणी आटते आणि पहारा उठतो. परतल्यावर स्वयंपाकघरात झुरळे दिसली की दोष दाराच्या फटीला दिला जातो! म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतावे, त्यावर चमचाभर गोडे तेल सोडावे आणि जाळीवर जड झाकण ठेवावे. तेलाच्या थरामुळे पाणी सावकाश आटते. क्वचितच वापरल्या जाणाऱ्या नहाणीतही आठवड्यातून एकदा पाणी ओतावे.

चिलटांची अंडी नळीतील बुळबुळीत थरात असतात. नुसते पाणी ओतून तो थर निघत नाही. आठवड्यातून एकदा जाळी उचलून आतील भाग ब्रशाने घासावा. उंदीर पोहण्यात तरबेज असतो; त्याच्यासाठी पक्की बसलेली लोखंडी जाळीच हवी. नळ जेथे भिंतीतून जातो, तेथील भोके सिमेंटने बुजवावीत. रात्री मोरी कोरडी ठेवावी आणि ठिबकता नळ दुरुस्त करावा. झुरळ अन्नावाचून बरेच दिवस काढते, परंतु पाण्यावाचून फार काळ तग धरत नाही.

डासांविषयी एक भेद ध्यानात ठेवावा. गटारात आणि शौचालयाच्या टाकीत वाढणारा डास हत्तीरोग पसरवितो; त्या टाकीच्या वायुनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. डेंग्यूचा डास मात्र कूलर, पिंप अशा ठिकाणी साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूने अनेकांचे बळी घेतले. तेव्हा मोरी घासण्याच्या दिवशीच ही भांडीही रिकामी करून घासावीत. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा लागतो. आपला आठवड्याचा नेम त्याआधीच त्याला गाठतो.

शेवटी एक इशारा. मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नये. त्यांपासून क्लोरीन हा विषारी वायू निघतो; बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. झुरळ मारण्याच्या घाईत मुलाबाळांचा जीव धोक्यात घालू नये. विषाची बाटली हाती घेण्यापूर्वी एवढेच पाहावे: आपला पहारेकरी जागेवर आहे ना?