कानाचा चष्मा

डोळ्यांना कमी दिसू लागले की माणूस चष्मा लावतो. त्यात कुणालाच वावगे वाटत नाही. उलट चष्म्यामुळे चेहऱ्यावर विद्वत्तेची छटा येते, असे आपण मानत आलो आहोत. पण कानांना कमी ऐकू येऊ लागले की सारे चित्र पालटते. ज्याला ऐकू येत नाही तो ते लपवतो, घरचे चिडतात आणि शेजारीपाजारी हसतात. मराठीतील ‘बहिरा’ काय किंवा कानडीतील ‘किवुडा’ काय, हे शब्द आपण व्यंग सांगण्यापेक्षा चेष्टेसाठीच अधिक वापरतो. स्नेहसंमेलनातील प्रहसनात हशा पिकवायचा असेल, तर एक बहिरा म्हातारा रंगमंचावर आणला की काम भागते. आंधळ्याची आपल्याला दया येते आणि बहिऱ्याचे हसू येते. असे का व्हावे?

एक कारण उघड आहे. बहिरेपणा दिसत नाही. शिवाय तो एका दिवसात येत नाही, पावलापावलाने येतो. उतारवयातील बहिरेपणात प्रथम वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने याच पट्टीत येतात. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळून पडतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, “बोलल्याचं ऐकू येतं रे, पण काय बोललास ते कळत नाही.” आपण मात्र समजतो की आजोबा हवे तेवढेच ऐकतात! आमच्या खटकचिंचोळीसारख्या सीमेवरच्या गावात तर एकाच पारावर मराठी, कानडी आणि दखनी अशा तिन्ही भाषा चालतात. गळलेले अक्षर अंदाजाने भरून काढायचे, तर आधी कोणती भाषा चालू आहे हे ताडावे लागते. अर्धे ऐकणाऱ्याची येथे किती ओढाताण होत असेल, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

हा प्रश्न चार म्हाताऱ्यांपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यांतील ४३ कोटींना उपचाराची किंवा साधनाची गरज आहे. भारतात असा लक्षणीय दोष असलेले सुमारे ६ कोटी ३० लाख लोक असल्याचा अंदाज आहे. पण जगात ज्यांना श्रवणयंत्र हवे आहे, त्यांपैकी शंभरांतील फक्त सतरा जण ते वापरतात. बाकीचे त्र्याऐंशी जण काय करतात? ते गप्प बसतात. लग्नकार्यात कोपरा धरतात, बाजारात जाणे टाळतात, आणि हळूहळू घरातल्या घरात परके होतात. वृद्धापकाळी बुद्धी मंदावण्याच्या ज्या कारणांवर इलाज करता येतो, त्यांत आजचे वैद्यकशास्त्र श्रवणदोषाची गणना करते. म्हणजे नुकसान कानांपुरते थांबत नाही.

मग यंत्र का घेत नाहीत? पहिली अडचण पैशाची. एका कानाचे बरे डिजिटल यंत्र घ्यायचे तर पंधरा-वीस हजार रुपये सहज लागतात आणि दोन्ही कानांचा खर्च लाखाच्या पुढेही जातो. तुरीचा आणि सोयाबीनचा भाव ज्याच्या वर्षाचा हिशेब ठरवतो, त्या कुटुंबाने आजीच्या कानासाठी एवढी रक्कम कोठून काढावी? दुसरी अडचण अंतराची. श्रवणतज्ज्ञ गावात नसतो, तालुक्यालाही क्वचितच. तपासणीला बिदर, यंत्र जुळवायला पुन्हा बिदर, बिघडले की पुन्हा तीच वारी. आणि तिसरी अडचण लाजेची. ती किमतीहूनही भारी आहे.

अशा वेळी आपल्याच खिशातील एका वस्तूकडे लक्ष जाते. महाविद्यालयाच्या आवारात आज ज्याच्या-त्याच्या कानात बिनतारी इअरबड दिसतात. या इवल्याशा वस्तूत बाहेरचा आवाज टिपणारा मायक्रोफोन आहे, त्यावर प्रक्रिया करणारी चिप आहे आणि कानात आवाज सोडणारा स्पीकर आहे. श्रवणयंत्रात तरी दुसरे काय असते? मग त्याच वस्तूकडून श्रवणयंत्राचे काम का करून घेऊ नये?

हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. तैवानमधील संशोधकांनी श्रवणदोष असलेल्या २१ जणांवर घेतलेल्या चाचण्या २०२२ साली प्रसिद्ध केल्या. शांत खोलीत अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रोची कामगिरी साध्या श्रवणयंत्राच्या तोडीची आणि महागड्याहून थोडी कमी ठरली. मात्र समोरून गोंगाट आला तेव्हा त्यांचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून अमेरिकेत सौम्य व मध्यम श्रवणदोषाची यंत्रे प्रौढांना डॉक्टरच्या चिठ्ठीविना दुकानात मिळू लागली. पुढे १२ सप्टेंबर २०२४ रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने एअरपॉड्स प्रो २ ला श्रवणयंत्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. त्यापूर्वी ११८ जणांवर चाचणी झाली होती. ज्यांनी स्वतःच फोनवर तपासणी करून यंत्र जुळवले, त्यांना तज्ज्ञाकडून जुळवून घेणाऱ्यांइतकाच लाभ जाणवला.

आपल्या राज्यातही याचे पडसाद उमटले. बंगळुरूच्या एका तरुणाने आपल्या आजीसाठी हे इअरबड विकत घेतले. घरी आणल्यावर कळले की श्रवणयंत्राची सोय त्या वेळी भारतात बंद ठेवलेली आहे. वस्तू तीच, किंमत पूर्ण मोजलेली, आणि कुलूप मात्र नकाशावरून लावलेले! मग त्याने दोन मित्रांच्या मदतीने बाहेरच्या लहरी अडवणारी धातूच्या जाळीची पेटी तयार केली, तिच्यात कॅलिफोर्नियातील वायफायची नावे प्रसारित केली, आणि आपण अमेरिकेत आहोत असे यंत्राला भासवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही हकिकत वृत्तपत्रांतून गाजली. त्या तरुणांच्या हुशारीचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. पण आजीला ऐकू यावे म्हणून नातवाला अशी युक्ती लढवावी लागावी, ही व्यवस्थेला शोभणारी गोष्ट नव्हे.

आता उत्साहाला थोडा आवर घालू. हे इअरबड स्वस्त म्हणायचे, पण कुणाला? त्यांची किंमत पंचवीस हजारांच्या आसपास, आणि सोबत त्याच कंपनीचा फोन हवा, तो त्याहून महाग. अमेरिकेत जे स्वस्त, ते भालकी तालुक्यात सोन्याच्या भावाचे आहे. आपल्या बाजारात हजार-दीड हजाराला जे इअरबड मिळतात, त्यांतील बहुतेकांत कान तपासण्याची सोय नसते. खरे श्रवणयंत्र प्रत्येक पट्टीतील दोष मोजून तेवढाच आवाज वाढवते आणि मोठा आवाज आला की दाबून धरते. नुसता आवाज वाढवणारी वस्तू भांड्याचा खणखणाटही वाढवते आणि बोलणेही. तिने उरलीसुरली श्रवणशक्तीही जाण्याची भीती असते.

तरीही हाताशी जे आहे ते टाकाऊ नाही. अँड्रॉइड फोनवर ‘साउंड अ‍ॅम्प्लिफायर’ नावाची सोय फुकट मिळते. फोनचा मायक्रोफोन आवाज टिपतो आणि तो वाढवून, थोडा निवडून कानात पोहोचवतो. येथे एक गंमत आहे. बिनतारी इअरबडपेक्षा जुना तारेचा इअरफोनच या कामी सरस ठरतो. बिनतारी जोडणीत आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो; ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तारेत हा घोटाळा जवळजवळ नसतो, आणि असा इअरफोन शे-दोनशे रुपयांत मिळतो. फोन आजोबांच्या खिशात ठेवण्याऐवजी बोलणाऱ्यापुढे ठेवावा, म्हणजे गलबला कमी आणि बोलणे अधिक पोहोचते. ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ आहे. समोरच्याचे बोलणे ते पडद्यावर अक्षरांत उतरवते, मराठीतही आणि कानडीतही. आमच्या दोन भाषांच्या मुलखाला ही देणगीच म्हणायची.

अर्थात काही बाबतींत हयगय चालणार नाही. कानातून पू येत असेल, एकाच कानाने ऐकू येईनासे झाले असेल, चक्कर येत असेल किंवा एकाएकी बहिरेपणा आला असेल, तर इअरबड बाजूला ठेवून तडक कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणात दिवस मोलाचे असतात. पुष्कळदा दोष नुसता मळाचा असतो आणि डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या कामाने कान मोकळा होतो. गरम तेल ओतण्याचा घरगुती उपाय मात्र सोडून द्यावा. पडद्याला भोक असेल तर त्याने अपाय होतो. आणि लहान मुलांवर हे प्रयोग मुळीच करू नयेत. मूल ऐकूनच बोलायला शिकते. त्याला खरे यंत्र आणि खरा तज्ज्ञ वेळेवर मिळालाच पाहिजे. अमेरिकेतील मान्यताही अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे.

आता शासनाकडे वळू. म्हैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, मुंबईत १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. ‘अ‍ॅडिप’ योजनेतून श्रवणयंत्रे वाटली जातात आणि २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब वृद्धांनाही ती मिळू शकतात. हे चांगलेच आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची व्याख्या पाहा. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असला तरच माणूस कमी ऐकणारा ठरतो आणि ७० च्या पुढे बहिरा. ‘अ‍ॅडिप’चा लाभ घ्यायचा तर चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. म्हणजे साठच्या आतले लोक कायद्याच्या दृष्टीने धडधाकट! इअरबडचा उपयोग नेमका याच लोकांना होण्यासारखा आहे. सरकारने ज्यांना दारात उभे केले नाही आणि बाजाराने ज्यांना परवडू दिले नाही, त्यांच्यासाठी ही वाट आहे. म्हणून माझे मत असे, की इअरबड श्रवणयंत्राची जागा घेईल की नाही हा वाद तूर्त बाजूला ठेवावा. आज ज्याच्या कानाला काहीच नाही, त्याला काहीतरी सुरक्षित आणि परवडणारे मिळावे, हा खरा प्रश्न आहे. आपल्या कंपन्यांनी दोन-तीन हजारांत कान तपासून आवाज जुळवणारे, कानडी-मराठीत सूचना देणारे इअरबड बनवावेत, आणि शासनाने त्यांच्या आवाजाची मर्यादा व दर्जा ठरवून द्यावा. यात अशक्य असे काय आहे?

विद्यार्थी मित्रहो, यात आपलाही वाटा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एखाद्या शिबिरात गावातील वृद्धांची कानतपासणी का ठेवू नये? डॉक्टर एक दिवस येतील. नावे नोंदवणे, बसमध्ये बसवून बिदरला नेणे, फोनमधील सोय सुरू करून ती वापरायला शिकवणे, हे आपल्याला जमण्यासारखे आहे. त्याबरोबर स्वतःच्या कानांचीही काळजी घ्यावी. मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीने जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांचे कान धोक्यात आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांहून अधिक ऐकू नये, ही तिने घातलेली मर्यादा आहे. ज्या वस्तूने आजोबांना ऐकू येऊ शकते, तीच वस्तू नातवाला बहिरे करू शकते. कशासाठी वापरायची, हे वापरणाऱ्याच्या हाती आहे.

इअरबडने आणखी एक काम नकळत केले आहे. कानात काही घालून फिरणे आता लाजिरवाणे राहिलेले नाही. तरुणांनी ते फॅशन म्हणून घातले. त्याच आडोशाने म्हाताऱ्यांची लाजही जावी. चष्म्याला जो मान मिळाला तो कानाच्या साधनालाही मिळेल, तेव्हा घरातील वडीलधारी माणसे ‘हो हो’ म्हणून मान डोलावणे सोडतील आणि निःसंकोचपणे विचारतील, “काय म्हणालास? पुन्हा एकदा सांग.” तेव्हा न चिडता पुन्हा सांगणे, एवढे तरी कोणत्याही यंत्राविना आणि एक पैसाही खर्च न करता आपल्याला आजपासून करता येईल.