विश्लेषण : टॅटू असल्यास जपानी स्नानगृहांत मज्जाव का? २०० वर्षांपूर्वीच्या चित्रांशी त्याचा काय संबंध?

जपानमधील अनेक ‘ओन्सेन’च्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरील स्नानगृहांच्या दारात आजही ‘टॅटू असणाऱ्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी दिसते. २०१३ मध्ये होक्काइडोतील एका स्नानगृहाने न्यूझीलंडच्या माओरी महिलेला चेहऱ्यावरील पारंपरिक गोंदणामुळे परत पाठवले होते. २०१५ च्या सरकारी पाहणीत सुमारे ५६ टक्के स्नानगृहे आणि हॉटेलांनी अशा ग्राहकांना नकार देत असल्याचे सांगितले. कारण ठरलेले : टॅटू म्हणजे याकुझा, गुंडांची टोळी. गंमत अशी, की अंगभर गोंदण्याची लाट ज्या चित्रांमुळे पसरली, त्यांचे नायकही कायद्याच्या लेखी गुंडच होते. पण लोकांचे लाडके.

चित्रांत कोण होते?

‘शुइ हू झुआन’ ही जुनी चिनी कादंबरी. भ्रष्ट अधिकाऱ्यांना कंटाळून लियांगशानच्या दलदलीत जमलेल्या १०८ बंडखोरांची ही कथा जपानमध्ये ‘सुइकोदेन’ नावाने गाजली. १८२७ च्या सुमारास एदो (आजचे टोकियो) शहरातील उतागावा कुनियोशी या चित्रकाराने या वीरांची एकेक चित्रे काढायला घेतली. लाकडी ठशांवरून छापलेली ही चित्रे सामान्यांनाही परवडत. दातांत सुरी धरून पाण्यातल्या दरवाजाचे गज वाकवणारा झांग शुन आजही पाहणाऱ्याला थांबवतो.

मूळ कादंबरीत अंग गोंदलेले वीर मोजकेच. नऊ ड्रॅगन गोंदलेला शी जिन हा त्यांतला प्रसिद्ध. कुनियोशीने मात्र इतरही अनेकांच्या अंगावर गोंदण चढवले. एदोतील अग्निशामक आणि हमाल तीच चित्रे पाठीवर गोंदवून घेऊ लागले. जपानीत लाकूड कोरण्याचे क्रियापद गोंदण्यालाही वापरतात, हा योगायोग नव्हे.

मग बदनामी कशामुळे?

गुन्हेगारांना खूण म्हणून गोंदण्याची शिक्षा एदो काळात होतीच. पण पुढचा मोठा घाव घातला तो आधुनिक सरकारने. पाश्चात्त्यांपुढे आपण मागास दिसू नये म्हणून १८७२ मध्ये गोंदण्यावर बंदी आली. ती असतानाच १८८१ मध्ये ब्रिटनचे भावी राजे पाचवे जॉर्ज जपानमध्ये हातावर ड्रॅगन गोंदवून गेले! बंदी १९४८ मध्ये उठली, तरी त्यानंतर याकुझांवरील चित्रपटांनी गोंदण आणि गुंड हे समीकरण घट्ट केले. त्यामुळे ‘टॅटू म्हणजे याकुझा’ हे कारण अर्धेच खरे आहे.

आता काय बदलले?

ओसाकातील एका टॅटू कलाकाराला वैद्यकीय परवान्याशिवाय काम केल्याबद्दल २०१७ मध्ये दीड लाख येनांचा दंड झाला होता. तो लढत राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे हे वैद्यकीय काम नसल्याचे मान्य केले. पण स्नानगृहाची पाटी हा मालकाचा नियम. तिला हा निकाल लागू होत नाही. काही ठिकाणी टॅटूवर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावली की आत सोडतात. शी जिनला मात्र ती पुरली नसती.