तणनाशकाचे उरलेले देणे

कृष्णाकाठच्या आष्टा परिसरात सोयाबीन किंवा मका निघाला की लगोलग त्याच रानात हरभरा, घेवडा, कोबी, काकडी येते. रोपे खुजी राहिली की बोट बियाण्याकडे किंवा नर्सरीकडे जाते. खरिपात मारलेल्या तणनाशकाचे नावही निघत नाही. वास्तविक लक्षणे बोलकी असतात. मक्यातल्या ॲट्राझिनचा अंश उरला असेल, तर हरभरा उगवतो झकास, मग खालची पाने कडेने पिवळी पडून करपतात. सोयाबीनमधले इमॅझेथापायर उरले, तर कोबी-काकडीचा शेंडा थांबतो, उपमुळे आखूड राहतात. नुकसान बहुधा पट्ट्यापट्ट्यांनी दिसते, कारण बांधाकडे पंप वळवताना फवारा दुबार पडलेला असतो.

यावर ठरलेले उत्तर असे, की पावसाळ्यात औषध विरून जाते. चांगल्या पावसात ते बरेचसे खरेही आहे. दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या आडसाली उसात तर चिंता फारशी उरत नाही. पण ही औषधे मुख्यतः ओलाव्यात, जिवाणूंच्या हातून विघटित होतात, आणि २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्यात कृष्णाकाठची काळी जमीन विम्लधर्मी, आणि अशा जमिनीत ॲट्राझिन सावकाश विरते. इमॅझेथापायरचे प्रमाणच एकरी ४० ग्रॅम मूळ औषध. इतक्या थोडक्यात तण मरते, तर त्याचा उरलेला अंश नाजूक रोपाला पुरेसा ठरू शकतो.

मग तणनाशके सोडा, असे म्हणणे मात्र सोपे आणि अन्यायाचे आहे. भांगलणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. मागणी त्याहून लहान आहे. केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या मंजूर वापराच्या तक्त्यात फवारणी ते काढणी किती दिवस जावेत, याचा रकाना असतो. फवारणीनंतर किती महिन्यांनी कोणते पीक घ्यावे, याचाही हवा, तोही मराठीत, डब्यावर. खंडाने रान घेणाऱ्याला तर याची गरज दुप्पट, कारण फवारणी एकाची आणि तोटा दुसऱ्याचा. तोवर दोन कुंड्या पुरतात: एकीत रानातली माती, दुसरीत न फवारलेल्या जागेतली तशीच माती, दोन्हींत जे पीक घ्यायचे त्याचे बी. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला, तर त्या रानात ते पीक लावू नये.